'घरी', 'घरात' आणि 'ॲट होम' : स्थलवाचक इंग्रजी शब्दांची निवड आणि मराठी भाषांतर

मराठी साहित्यकृतीचे इंग्रजीत भाषांतर करताना संस्कृतिविशिष्ट शब्द, म्हणी, नातेवाचक संबोधने आणि बोलीभेद हे विषय चर्चेत वारंवार येतात. त्या मानाने 'कोठे' या साध्या प्रश्नाचे उत्तर देणारे लहान शब्द दुर्लक्षित राहतात. इन, ऑन आणि ॲट हे तीन शब्द शालेय वयातच शिकवले जातात. त्यामुळे ते येतात, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. वस्तुतः पदव्युत्तर वर्गातील भाषांतरांत, आणि काही वेळा प्रकाशित भाषांतरांतही, सर्वाधिक डळमळीत दिसणारी जागा हीच असते. 'ती विहिरीवर गेली' आणि 'ती विहिरीत गेली' या दोन वाक्यांत एका प्रत्ययाचे अंतर आहे. मराठी ग्रामीण कथेत मात्र ते अंतर रोजचे पाणी भरणे आणि जीव देणे यांमधले असते. पहिल्या वाक्यासाठी इंग्रजीत ॲटचा आणि जाण्याच्या क्रियापदासोबत टूचा आधार घ्यावा लागतो. तेथे 'वर' म्हणजे ऑन हे समीकरण वापरले, तर पाणी भरायला गेलेली स्त्री विहिरीच्या तोंडावर चढून बसल्याचे चित्र निर्माण होते.

स्थलवाचक इंग्रजी शब्दांची निवड मराठी शब्दावरून ठरत नाही. ती मराठी वाक्याने उभ्या केलेल्या स्थलसंबंधावरून ठरते. हा संबंध कसा ओळखावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. आधार आणि आधेय

या विवेचनासाठी आवश्यक परिभाषा भारतीय व्याकरणपरंपरेत आधीपासूनच उपलब्ध आहे. पाणिनीने अधिकरण या कारकाची व्याख्या 'आधार' या कल्पनेने केली आणि त्यासाठी सप्तमी विभक्ती सांगितली. ज्याचे स्थान सांगायचे ते आधेय आणि ज्याच्या संदर्भाने सांगायचे तो आधार. पुढील वैयाकरणांनी आधाराचे तीन प्रकार मानले. चटईवर बसणाऱ्याचा चटईशी असतो तो संयोगाचा आधार औपश्लेषिक होय. तिळात तेल असते त्याप्रमाणे सर्वत्र भरून राहण्याचा आधार तो अभिव्यापक. मोक्षाविषयी इच्छा असते, तेथे मोक्ष हा वैषयिक आधार. संस्कृतात या तिन्ही प्रकारांना एकच विभक्ती पुरते. अर्थाचा भेद वाक्यातील पदार्थांच्या स्वरूपावरून कळतो.

मराठीत ही एकसंधता राहिली नाही. मोरो केशव दामले यांच्या १९११ मधील 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'सह परंपरागत व्याकरणे सप्तमीचे त, ई, आ हे प्रत्यय देतात. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र अधिकरणाचा बराचसा भार 'वर', 'मध्ये', 'पाशी', 'जवळ', 'कडे' ही शब्दयोगी अव्यये वाहतात, आणि 'ला' हा द्वितीया-चतुर्थीचा प्रत्ययही त्यात सहभागी होतो. संस्कृतातील 'चटईवर' आणि 'तिळात' यांची एकत्र असलेली सप्तमी मराठीत 'वर' आणि 'त' अशी दुभंगली. इंग्रजीत या दोहोंच्या जोडीला ॲट हा तिसरा शब्द उभा राहतो, आणि मराठी भाषकाची खरी अडचण तेथे सुरू होते. इन आणि ऑन यांना मराठीत निदान ढोबळ प्रतिशब्द आहेत. ॲटला एकही नाही.

रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजीच्या बृहद् व्याकरणात या तीन शब्दांचा भेद आधाराच्या मितीवरून सांगितला आहे. आधार बिंदू म्हणून पाहिला तर ॲट, रेषा किंवा पृष्ठभाग म्हणून पाहिला तर ऑन, क्षेत्र किंवा घनाकार म्हणून पाहिला तर इन. येथे 'पाहिला तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. एकच रेल्वे स्थानक प्रवासातील एक थांबा म्हणून बिंदू असते आणि पावसापासून आसरा देणारी इमारत म्हणून घनाकार असते. वस्तू बदललेली नसते, पाहणे बदललेले असते.

२. 'घरी' आणि 'घरात'

ॲटला मराठीत प्रतिशब्द नसला, तरी त्याच्याशी नाते सांगणारे एक जुने रूप मराठीने जपले आहे. ते म्हणजे ई-प्रत्ययाची सप्तमी. घरी, दारी, गावी, माहेरी, सासरी ही रूपे आजच्या बोलण्यातही आहेत. अंगणी, वनी, मंदिरी ही रूपे मुख्यतः काव्यात उरली. शेजारी, काठी, ठिकाणी यांसारखी रूपे तर स्थलवाचक अव्ययांसारखीच वापरली जातात.

'अण्णा घरी आहेत' आणि 'अण्णा घरात आहेत' ही वाक्ये समानार्थी नाहीत. पहिल्यात अण्णांची उपलब्धता सांगितली आहे. ते अंगणात झोपाळ्यावर असले, परसात झाडांना पाणी घालत असले, तरी घरीच आहेत. दुसऱ्यात ते भिंतींच्या आत आहेत, बाहेर नाहीत, असे सांगितले आहे. इंग्रजीतील 'ॲट होम' आणि 'इन द हाउस' यांतील भेद नेमका हाच आहे. 'माहेरी'चेही तसेच. माहेर ही वास्तू नाही, तो नात्याने ठरलेला बिंदू आहे, म्हणून तेथे आईवडिलांच्या घराचा उल्लेख ॲटनेच करावा लागतो. 'गावी गेला आहे' या वाक्यातील गाव बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला माहीत असलेले मूळ गाव असते. 'गावात गेला आहे' हे वाक्य मात्र मळ्यातून किंवा वस्तीवरून वसलेल्या गावठाणात जाण्याविषयीचे असू शकते. पहिल्याचे भाषांतर करताना मूळ गावाची कल्पना शब्दाने आणावी लागते. नुसते 'टू द व्हिलेज' लिहिल्यास दोन्ही वाक्ये एकच होतात.

शाळा, रुग्णालय, तुरुंग, देऊळ यांबाबत मराठी 'त' प्रत्यय दोन्ही अर्थ वाहतो. 'मुलगा शाळेत आहे' म्हणजे तो शिकत आहे, किंवा या क्षणी त्या इमारतीत आहे. इंग्रजीत हा भेद कधी ॲट आणि इन यांनी, तर कधी उपपद गाळून वा ठेवून दाखवला जातो. ब्रिटिश इंग्रजीत रुग्ण उपपदाशिवाय 'इन हॉस्पिटल' असतो, अमेरिकन इंग्रजीत उपपदासह. 'अंथरुणात' आणि 'खाटेवर' यांतही असाच भेद आहे. निजलेला माणूस उपपदाशिवाय 'इन बेड' असतो, खाटेवर टाकलेला सदरा 'ऑन द बेड' असतो.

३. 'नदीवर' : एका अव्ययाची अनेक भाषांतरे

मराठी 'वर' हे अव्यय इंग्रजी ऑनपेक्षा पुष्कळ व्यापक आहे. त्याचा विस्तार एकाच शब्दावरून पाहता येतो.

'बायका नदीवर धुणे धूत होत्या' येथे नदी हे कामाचे ठिकाण आहे, म्हणून ॲट. 'नदीवर होडी तरंगत होती' येथे पृष्ठभागाचा आधार आहे, म्हणून ऑन. 'नदीवर पूल बांधला' येथे दोन काठ जोडण्याची कल्पना आहे, म्हणून ओव्हर किंवा अक्रॉस. 'नदीवर धुके पसरले होते' येथे संदर्भानुसार ओव्हर किंवा ऑन. मराठीत चारही ठिकाणी 'नदीवर' आहे, इंग्रजीत निवड करणे अपरिहार्य आहे.

याउलट पैठण गोदावरीच्या काठी आहे, असे मराठीत काठाचा उल्लेख करून सांगितले जाते. इंग्रजी मात्र काठ गाळून ते शहर थेट नदीवर, म्हणजे ऑनने, ठेवते. साहित्याच्या अभ्यासकाला येथे गंगेवरील गवळीवाड्याचे काव्यशास्त्रातील प्रसिद्ध उदाहरण आठवेल. संस्कृतात नदीच्या सप्तमीचा मुख्यार्थ बाधित होतो, कारण प्रवाहात वस्ती असू शकत नाही. मग लक्षणेने तीर हा अर्थ घ्यावा लागतो आणि त्यातून शीतलता व पावित्र्य सूचित होते. इंग्रजी ऑनला अशा लक्षणेची गरज पडत नाही. रेषेला लागून असणे हा त्याचा रूढ अर्थच आहे. काव्यात जेथे काठाचा वेगळा उच्चार अर्थपूर्ण असेल, तेथे भाषांतरकाराने नुसत्या ऑनवर न थांबता 'बँक' हा शब्द आणावा. वाक्य केवळ भौगोलिक माहिती देत असेल, तेथे काठाचा उल्लेख अनावश्यक ठरतो.

कामाचे वा व्यवहाराचे ठिकाण दाखवणारा हा 'वर' मराठी ग्रामजीवनाच्या वर्णनात पदोपदी भेटतो : पाणवठ्यावर, नळावर, शेतावर, जात्यावर, मागावर, कामावर. हा 'वर' बहुतेक ठिकाणी ॲटकडे झुकतो. मागावर बसलेला विणकर इंग्रजीत मागाच्या पृष्ठभागावर बसत नाही, तो ॲटने मागाशी जोडला जातो. 'शेतावर'साठी इंग्रजीत 'इन द फील्ड्स' किंवा शेताला मळा, गोठा व वस्ती यांसह एक घटक मानल्यास 'ऑन द फार्म' असे पर्याय आहेत. 'जात्यावरच्या ओव्यां'साठी 'ग्राइंडमिल साँग्ज' हा समास इंग्रजीत रूढ झाला. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या संकलनकार्याची ओळखही याच नावाने झाली. तेथे स्थलवाचक शब्दच टाळला आहे, आणि तो मार्ग योग्य आहे. स्थलसंबंध हा मूळ रचनेत गौण असेल, तर समास किंवा विशेषण अधिक नैसर्गिक ठरते.

'वर' भौगोलिक नावांतही बोलतो. मराठीत माणूस कोकणात असतो, पण देशावर किंवा घाटावर असतो. या 'वर'मध्ये सह्याद्रीची चढण साठवलेली आहे. कोकणासाठी इन आणि देशासाठी पठाराचा उल्लेख करून ऑन असे भाषांतर केल्यास ती उंची टिकते. दोन्ही ठिकाणी इन योजल्यास व्याकरण बिघडत नाही, परंतु भूगोल सपाट होतो.

४. आत, वर आणि लागून

'त' आणि इन यांची जोडीही सर्वत्र जुळत नाही. सर्वांत मोठी तफावत अंगावर धारण करायच्या वस्तूंबाबत दिसते. मराठीत पायात चप्पल, बोटात अंगठी, हातात बांगड्या, गळ्यात माळ आणि अंगात सदरा असतो. भौतिक दृष्टीने पाहिल्यास पाय चपलेत असतो आणि बोट अंगठीत असते. मराठीने आत कोण आणि बाहेर कोण याला महत्त्व न देता, नीट बसलेल्या दोन वस्तूंचा संबंध 'त' प्रत्ययाने दाखवला आहे. इंग्रजी येथे बहुधा ऑन वापरते. गळ्यातील माळेसाठी मात्र 'अराउंड' हा शब्द येतो, आणि टोचलेल्या नाकाकानांतील दागिन्यांसाठी इनही चालतो. हातातील पुस्तक 'इन' असते, हातातील बांगड्या 'ऑन' असतात, आणि त्यासाठी हाताऐवजी मनगट म्हणावे लागते.

हा भेद मराठी-इंग्रजीपुरता नाही. सूनजा चोई आणि मेलिसा बावरमन यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोरियन भाषेतील एक क्रियापद दाखवले. अंगठी बोटात घालणे, टोपण पेनाला लावणे आणि पुस्तक घट्ट वेष्टनात सरकवणे या तिन्ही क्रिया ते एकत्र आणते, कारण त्यांत घट्ट बसणे समान आहे. इंग्रजी त्याच क्रिया इन आणि ऑन अशा विभागते. आत आणि वर या कल्पना सर्व भाषांत सारख्याच आखलेल्या असतात, हे गृहीतक अशा अभ्यासांमुळे डळमळीत झाले. भाषांतराच्या वर्गातही ते सोडणे हिताचे आहे.

'ला' प्रत्ययाचे क्षेत्र यापेक्षा वेगळे आहे. झाडाला आंबे, छताला पंखा, भिंतीला भेग, घराला दोन दारे. येथे आधेय आधाराला लागलेले आहे किंवा त्याचा भागच आहे. आंबे आणि पंखा यांसाठी ऑन, भेगेसाठी इन योग्य. घराच्या दारांसाठी मात्र स्थलवाचक शब्द न वापरता 'असणे'वाचक 'हॅव' क्रियापदाची रचनाच करावी. झाडाच्या उदाहरणात आणखी एक सूक्ष्मता आहे. मराठीत पक्षी झाडावर बसतो आणि आंबा झाडाला लागतो. इंग्रजीत पक्षी 'इन द ट्री' असतो, कारण पानांच्या विस्ताराला घनाकार मानून पक्षी त्याच्या आत कल्पिला जातो. आंबा 'ऑन द ट्री' असतो, कारण तो झाडाला जोडलेला आहे. दोन्ही भाषांनी पक्षी आणि आंबा यांत भेद केला, परंतु भेदाची रेघ वेगळ्या जागी ओढली.

वाहनांबाबत मराठी 'त' किंवा 'मध्ये' वापरते. बसमध्ये, गाडीत, रिक्षात. इंग्रजीत ठरलेल्या मार्गावर धावणारी बस, रेल्वे, विमान आणि जहाज यांसाठी ऑन, मोटार आणि रिक्षा यांसाठी इन रूढ आहे. मोडीत निघालेल्या बसमध्ये मुले खेळत असतील, तर ती 'इन द बस' असतात. प्रवासाची कल्पना सुटली की बस पुन्हा एक पोकळ वस्तू होते. जेवणाच्या ताटाचेही असेच. मराठीत भात ताटात असतो, इंग्रजीत पसरट ताटामुळे ऑन आणि खोलगट वाटीमुळे इन येते. 'पानावर बसणे' याचा अर्थ जेवायला बसणे असा आहे, तेथे स्थलवाचक शब्दाचा शोधच चुकीचा.

५. पत्ता आणि ॲटचा जुना वापर

लहान गावासाठी ॲट आणि मोठ्या शहरासाठी इन, हा नियम भारतातील शालेय व्याकरणांतून पिढ्यान् पिढ्या शिकवला गेला. त्याला ऐतिहासिक आधार आहे, परंतु आजच्या लेखनाला तो पुरेसा नाही. ॲटचा शहरांसाठी होणारा जुना औपचारिक वापर १८६२ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या इंग्रजी नावात अद्याप दिसतो. 'हाय कोर्ट ऑफ ज्युडिकेचर ॲट बॉम्बे' या नावात मुंबई लहान गाव म्हणून आलेली नाही, ती न्यायपीठाचे स्थान म्हणून आली आहे. मराठी पत्त्यांतील 'मु. पो.' आणि त्याचे 'ॲट पोस्ट' हे इंग्रजी रूपही याच कार्यालयीन परंपरेतले. कथेतील पात्र मात्र आजच्या इंग्रजीत लहान खेड्यातही 'इन'नेच राहते. त्याच खेड्यात गाडी थांबली, तर ते खेडे मार्गावरील बिंदू होते आणि ॲट येते. आकार गौण आहे, दृष्टी प्रधान आहे.

सामान्य पत्त्याची व्यवस्था त्रिस्तरीय आहे. घरक्रमांकासह पत्ता दिल्यास ॲट, रस्त्याचे नाव दिल्यास अमेरिकन वापरात ऑन आणि ब्रिटिश वापरात बहुधा इन, शहराचे नाव दिल्यास इन. मराठीत 'तो पुण्यात राहतो' आणि 'तो पुण्याला असतो' ही दोन्ही वाक्ये इंग्रजीत इनने जातात. 'तो पुण्याला गेला' यात मात्र तोच 'ला' गतीचा असल्यामुळे टू अनिवार्य ठरतो. मराठी स्थिती आणि गती यांत प्रत्ययाने भेद करत नाही, क्रियापदावर तो सोपवते. 'मुलगा खोलीत धावत होता' आणि 'मुलगा खोलीत धावत आला' यांपैकी दुसऱ्यासाठी इन्टू आवश्यक आहे. नुसता इन ठेवल्यास मुलगा आधीपासूनच आत होता असा समज होऊ शकतो.

६. दार आणि निवेदकाची जागा

साहित्यकृतीत या निवडीला निवेदनाचे परिमाण प्राप्त होते. ॲनेट हर्सकोविट्स यांनी १९८६ मधील आपल्या ग्रंथात ॲटविषयी एक लक्षणीय निरीक्षण नोंदवले आहे. ॲट योजणारा बोलणारा आधाराकडे दुरून पाहत असतो. बाजारात उभा असलेला माणूस सोबत्याविषयी 'तो बाजारी आहे' अशा अर्थाचे ॲटचे वाक्य सहसा उच्चारत नाही. तो 'येथे' म्हणतो किंवा इनने नेमकी जागा सांगतो. म्हणून ॲटमुळे निवेदक प्रसंगापासून दूर जातो आणि इनमुळे आत येतो.

पुढील रचित वाक्यांत हे दिसेल : 'सून चुलीपाशी होती. सासरे ओसरीवर बसले होते. मुलगा शेतावर गेला होता. थोरली दारात उभी होती.' चुलीपाशी असणे म्हणजे स्वयंपाकात असणे, म्हणून ॲट. 'नियर' लिहिल्यास ती केवळ चुलीच्या आसपास आहे असे होईल आणि तिचे काम नाहीसे होईल. ओसरीसाठी ऑन. शेतासाठी 'आउट इन द फील्ड्स' म्हटल्यास घरातून पाहणाऱ्या निवेदकाची जागाही कळते. खरी कसोटी चौथ्या वाक्याची आहे.

मराठीत दाराशी, दारापाशी, दारात, दारावर आणि दारी ही रूपे एकमेकांच्या जागी सहज येत नाहीत. भाजीवाली दारावर येते. याचक दारी येतो, आणि त्या 'दारी'त घराच्या प्रतिष्ठेचा व दातृत्वाचा संदर्भ असतो. पाहुणा दाराशी थांबतो. घरची स्त्री दारात उभी राहते. तिचे घरातही नसणे आणि बाहेरही नसणे या एका 'दारात'ने सांगितले जाते. या सर्वांसाठी 'ॲट द डोअर' व्याकरणदृष्ट्या चालू शकते, आणि त्यामुळेच ते धोक्याचे आहे. 'दारात'साठी 'इन द डोअरवे' अधिक नेमके आहे. 'दारावर'साठी ॲट पुरे. 'दारी'साठी 'डोअरस्टेप'सारखे नाम किंवा घराच्या मालकाचा षष्ठीयुक्त उल्लेख काही अंशी भरपाई करतो. शिवाय 'दारी' आणि 'अंगणी' यांचा काव्यात्म, जुना सूर इंग्रजी स्थलवाचक शब्दांत येत नाही. तो वाक्याच्या लयीत वा क्रियापदाच्या निवडीत शोधावा लागतो.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून भाषांतरकाराने प्रत्येक स्थलनिर्देशापाशी चार गोष्टी तपासाव्यात, असे म्हणता येते. आधेय आधाराच्या आत आहे, त्यावर टेकले आहे, त्याला लागले आहे की केवळ त्या ठिकाणी आहे? आधार वास्तू म्हणून आला आहे की व्यवहाराचे ठिकाण म्हणून? वाक्य स्थिती सांगते की गती? आणि निवेदक कोठून पाहतो आहे? या प्रश्नांची उत्तरे मराठी प्रत्ययात क्वचितच पूर्णपणे सापडतात. ती वाक्याच्या आणि प्रसंगाच्या संदर्भात सापडतात.

अध्यापनातही प्रत्ययांसमोर प्रतिशब्द मांडणाऱ्या याद्यांपेक्षा 'नदीवर' किंवा 'दारात' यांसारखे एकेक रूप घेऊन त्याचे सर्व वापर उलगडणे अधिक फलदायी ठरेल. अशा अभ्यासाने इंग्रजी सुधारते, हा त्याचा मर्यादित लाभ आहे. घरी आणि घरात, शेतावर आणि शेतात, अंगणी आणि अंगणात असे भेद मराठीने किती बारकाईने राखले आहेत, याची जाणीव मराठीच्या अभ्यासकाला बहुधा तेव्हाच होते, जेव्हा दुसरी भाषा त्यांतील एकाची निवड करण्यास त्याला भाग पाडते.